एकाच पाळीत, पण दोन विभागांत : बरोबरीने काम करायला शिकायचे कसे?

कृष्णाकाठची

नमस्कार. मी वाळवा तालुक्यातील एका सहकारी साखर कारखान्यात शिफ्ट केमिस्ट आहे आणि हा माझा दुसरा गळीत हंगाम आहे. कामाविषयी मला तक्रार नाही. प्रश्न आहे तो शेजारच्या विभागाबरोबर काम करण्याचा, आणि तो कोणाच्या स्वभावापुरता मर्यादित नसावा असे वाटल्यामुळे हा धागा काढत आहे.

साखर कारखान्याशी संबंध नसलेल्यांसाठी थोडे सविस्तर सांगते. उसाचा चोथा शेवटच्या मिलमध्ये (म्हणजे पिळणाऱ्या रोलरच्या शेवटच्या संचात) शिरण्यापूर्वी त्यावर गरम पाणी सोडतात, त्याला आमच्याकडे सगळे इंबिबिशन म्हणतात. उसातील तंतूंच्या वजनाच्या साधारण दुप्पट ते अडीचपट पाणी मिळाले, तर चोथ्यात अडकलेली साखर बऱ्यापैकी रसात उतरते. पाणी कमी पडले की तीच साखर बगॅसबरोबर, म्हणजे पिळून उरलेल्या चोथ्याबरोबर, बॉयलरमध्ये जळून जाते. उलट पाणी जास्त झाले आणि रोलर नीट पिळत नसले, तर बगॅस ओला निघतो, बॉयलरची वाफ पडते, टर्बाइन मंदावते आणि मिलचीच गती कमी होते. शिवाय रसात आलेले ते जादा पाणी पुढे इव्हॅपोरेटरमध्ये आम्हाला आटवावे लागते, त्यालाही वाफच लागते. म्हणजे एका वॉल्व्हवर मिल, बॉयलर आणि उत्पादन अशा तिघांचे काम अवलंबून आहे, आणि तो वॉल्व्ह मिलच्या ताब्यात आहे.

होते असे, की रात्री वाफ पडू लागली की मिलवरील माणूस पाणी कमी करतो. मला ते कळते पुढच्या नमुन्यात, जेव्हा एरवी दोनच्या आसपास असणारा बगॅसचा पोल (त्यात राहिलेल्या साखरेची टक्केवारी) पावणेतीनपर्यंत गेलेला दिसतो. तो आकडा मी तक्त्यात लिहिते, सकाळच्या बैठकीत चीफ केमिस्ट तो वाचतात, चीफ इंजिनिअर मिलच्या माणसाला बोलावतात, आणि तो सांगतो की लॅबचा नमुनाच चुकीचा आहे. हे इतक्या वेळा झाले आहे की आता आमच्यातील संवाद केवळ कागदावरून चालतो. मला सल्ला मिळाला तो, ‘जरा मिळूनमिसळून वाग, मिलवर चहाला जात जा,’ असा. चहाला मी जाते. चहा आपुलकीने मिळतो, गावाकडची विचारपूस होते, आणि त्याच रात्री पाणी पुन्हा न सांगता बंद होते. तेव्हा बरोबरीने काम करणे शिकायचे म्हणजे नेमके काय शिकायचे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

अबोल

मी सांगलीतील एका बँकेच्या कार्यालयात आहे. आपण चहाचा उल्लेख केला हे बरे झाले. आमच्याकडे ‘टीमवर्क’चे प्रशिक्षण म्हणजे हॉटेलच्या सभागृहात खेळ, टाळ्या आणि दुपारचे जेवण. जो मोठ्याने बोलतो तो सहकार्यशील आणि जो गप्प बसून दुसऱ्याचे व्हाउचर वेळेत तपासून देतो तो एकलकोंडा, अशी समजूत त्यातून पक्की होते. माझ्या शेजारच्या टेबलावरील बाई दिवसभरात चार वाक्ये बोलत असतील, पण त्यांच्याकडून आलेल्या कागदात मला कधी काही शोधावे लागत नाही. माझ्या लेखी सहकार्य ते आहे.

जुना फिटर

ताई, मी मिलवर उभी हयात काढली आहे. किर्लोस्करवाडीला शिकाऊ उमेदवार म्हणून सुरुवात केली, पुढे कारखान्यात फिटर झालो आणि मिल फोरमन म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे मी आपल्या समोरच्या बाजूचा माणूस आहे असे समजून वाचावे.

आपल्याला पोल दिसतो, त्याप्रमाणे मिलवरच्या माणसाला काय दिसते ते आधी पाहू. त्याच्यासमोर वाफेच्या दाबाचे घड्याळ असते. काटा खाली यायला लागला की त्याच्या हातात फार थोडा वेळ असतो. दाब गेला की टर्बाइन बसते, मिल चोथ्याने भरलेली असताना थांबते, आणि भरलेली मिल रात्री दोन वाजता मोकळी करणे काय असते हे ज्याने फावड्याने केले आहे त्यालाच ठाऊक. त्यातच पुढे अंगणात उसाच्या गाड्या उभ्या, गाडीवान शिव्या घालतात, आणि तोडलेला ऊस जितका वेळ उभा राहील तितकी त्यातली साखर कमी होत जाते. अशा वेळी तो पाण्याचा वॉल्व्ह दाबतो, कारण परिणाम ताबडतोब दिसावा असा तो एकच वॉल्व्ह त्याच्या हाताशी आहे. त्याने वॉल्व्ह बंद करणे हा आपल्याविरुद्धचा कट नाही. त्याच्या गणितात आपण त्या क्षणी नसताच. खरी दुखरी जागा हीच आहे, कारण कट असता तर निदान आपली आठवण तरी झाली असती.

आता आपली बाजू. आपण आकडा लिहिता, तो बरोबर असतो असे मी धरून चालतो. पण तो आकडा मिलच्या माणसाला कधी कळतो? सकाळी, साहेबांसमोर, दहा जणांच्या देखत. म्हणजे त्याच्या कामाची बातमी त्याला सोडून सगळ्यांना आधी पोहोचते. कोणताही स्वाभिमानी माणूस अशा वेळी ‘नमुना चुकला’ असेच म्हणेल, कारण तेवढे एकच उत्तर त्याला उभ्या उभ्या देता येते. आमच्या वेळी एक वयस्क केमिस्ट होते, त्यांची पद्धत मी पाहिली आहे. आकडा वर गेला की पेन उचलण्याआधी ते फोन उचलायचे. फोनवर तक्रार नसायची. ‘पोल वाढलाय, पाणी किती आहे?’ एवढेच. आम्ही सांगायचो, ‘वाफ नाही, कमी केलंय.’ मग ते बॉयलरला विचारायचे आणि तक्त्यात आकड्याशेजारी लिहायचे, ‘वाफेअभावी पाणी कमी, रात्री २.१० ते ३.०५’. आकडा तोच राहायचा, लपवाछपवी नव्हती. पण त्या एका ओळीमुळे सकाळची चर्चा मिलच्या माणसावरून वाफेवर जायची, आणि तिथेच ती जायला हवी होती.

आणखी एक. मिलवरच्या माणसाला एकदा लॅबमध्ये बोलवा, चहाला बोलावून उपयोग नाही. त्याच्यासमोर नमुना घ्या, त्याच्या हाताने त्याचे दोन भाग करा, आणि दोन्ही भागांचे आकडे त्याला पाहू द्या. मी निवृत्तीच्या जवळ आलो तेव्हा पहिल्यांदा साखर मोजण्याच्या यंत्राच्या, पोलरीमीटरच्या, नळीतून पाहिले, आणि त्या दिवसापासून ‘लॅबवाले खोलीत बसून आकडे पाडतात’ हे वाक्य माझ्या तोंडून निघाले नाही.

कुपवाडकर

फिटरकाकांचा अनुभव मोठा आहे आणि त्यांनी सांगितलेले चुकीचे नाही. परंतु सगळा भार ताईंवर टाकला जात आहे, हे मला पटत नाही. माझे कुपवाड एमआयडीसीत लहानसे मशीन शॉप आहे, आणि दोन माणसे का भांडतात याचे उत्तर मी प्रथम त्यांच्या पगारपत्रकात शोधतो.

मिलच्या माणसाचे कौतुक कशावरून होते? गाळपावरून. चोवीस तासांत किती टन ऊस गेला, हा आकडा फलकावर लागतो आणि अध्यक्षांपर्यंत जातो. केमिस्टचे मूल्यमापन कशावरून होते? साखर किती वाया गेली आणि उतारा किती पडला यावरून. एकाने वेगाने पळायचे आणि दुसऱ्याने काही सांडू द्यायचे नाही, असे ठरवून दिल्यावर त्यांनी एकमेकांच्या पायात पाय घातला तर नवल काय? माझ्याकडेही हेच होते. लेथवरच्या मुलांना नगावर बोनस होता आणि तपासणी करणाऱ्याला नाकारलेल्या मालावरून शाबासकी. दोघेही कष्टाळू, दोघेही एकाच गावचे, आणि दुपारच्या सुटीत डबा वेगवेगळ्या झाडाखाली. मी बोनसचा हिशेब बदलला, ग्राहकाने स्वीकारलेल्या नगांवर दोघांना मिळून रक्कम ठेवली, आणि त्यानंतर तपासणीचा माणूस स्वतःहून लेथवर जाऊन ‘टूल घासलंय, बदल’ असे सांगू लागला. त्या दोघांपैकी कोणाच्याही स्वभावात तसूभर फरक पडलेला नाही. आजही त्यांचे फारसे पटत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की हा प्रश्न चीफ केमिस्ट आणि चीफ इंजिनिअर यांच्या वरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाने सोडवायचा आहे. दुसऱ्या हंगामातील केमिस्टने चहा पिऊन आणि फोन करून तो सुटणार असेल, तर वरच्या खुर्चीचे काम काय?

जुना फिटर

कुपवाडकर, आपण मालक आहात, आपण हिशेब बदलू शकता. ताईंनी कार्यकारी संचालकांच्या दालनात जाऊन ‘गाळपाचा फलक काढा’ असे सांगायचे का? ते होईल तेव्हा होईल. आज रात्री वाफ पडणार आहे.

रात्रपाळी

मी मिरजेत परिचारिका आहे, अतिदक्षता विभागात. साखर कारखान्यातले मला काही कळत नाही, पण कृष्णाकाठचीताईंचा प्रश्न वाचताना तो आमच्याच विभागातला वाटला, कारण आमच्याकडेही एकीने केलेल्या कामाचा परिणाम दुसरीच्या पाळीत दिसतो.

पाळी बदलताना चार्ज देण्याची एक रीत आम्हाला अगदी सुरुवातीला शिकवतात आणि ती मनापासून पटायला पुढे बराच काळ जातो. चार्ज टेबलाशी बसून द्यायचा नाही, रुग्णाच्या खाटेशी उभे राहून द्यायचा. जाणारी सांगते आणि येणारी ते पुन्हा म्हणून दाखवते. सलाइन किती राहिले आहे, हे वहीत पाहून सांगायचे नाही, दोघींनी बाटलीकडे पाहून सांगायचे. कोणते औषध दिले याबरोबर कोणते द्यायचे राहिले आणि का राहिले, हेही सांगायचे. मिरजेत वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये रुग्णालय काढले तेव्हापासून सीमेपलीकडून रुग्ण येत आले आहेत, त्यामुळे ‘नातेवाइकांना मराठी येत नाही, सकाळी कन्नड बोलणाऱ्या मावशींना बोलवा’ ही गोष्टसुद्धा चार्जमध्ये असते. ती राहिली तर सकाळची परिचारिका अर्धा तास खुणांनी बोलत बसते.

पुन्हा म्हणून दाखवणे हे नव्या मुलींना अपमानास्पद वाटते. ‘मला ऐकू आलं ना, परत कशाला म्हणायचं?’ असे त्या विचारतात. ज्या दिवशी त्यांनी सांगितलेले समोरचीने वेगळेच म्हणून दाखवले, त्या दिवशी हा प्रश्न बंद होतो.

शस्त्रक्रियागृहात तर हे लेखी स्वरूपात आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एकोणीस मुद्द्यांची तपासणी यादी दिली. तिच्यात एक मुद्दा असा आहे, की चीर देण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगायचे. रोज एकत्र काम करणाऱ्यांना हे प्रथम हास्यास्पद वाटते. परंतु नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ते श्रेय एकट्या नाव सांगण्याचे नाही, यादीत बाकीचेही बरेच आहे. पण ज्याने एकदा त्या खोलीत तोंड उघडले आहे, त्याला नंतर ‘थांबा, कापसाची मोजणी जुळत नाही’ असे म्हणणे सोपे जाते, हे मी स्वतः पाहते. पहिले वाक्यच ज्याच्या तोंडून निघालेले नाही, त्याच्याकडून संकटाच्या क्षणी दुसरे वाक्य येत नाही.

तुमच्या कारखान्यात मिलची पाळी बदलताना चार्ज वॉल्व्हपाशी उभे राहून देतात का? देत असतील, तर लॅबची पाळी बदलताना तुम्हीही तिथे उभे राहू शकाल का?

ताकारीकर

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. कुपवाडकरांच्या मुद्द्याला एक जुनी पुस्ती जोडतो. मॅक्स रिंगेलमान हे फ्रान्समधील कृषी अभियंते होते. त्यांनी माणसांना दोर ओढायला लावून बल मोजले आणि १९१३ मध्ये ते प्रसिद्ध केले. एकट्याने ओढताना माणूस जितके बल लावतो त्याला शंभर धरले, तर आठ जणांच्या गटात प्रत्येकाच्या वाट्याचे बल जवळजवळ निम्म्यावर येते. याचे एक कारण सरळ आहे : आठ जणांचा झटका एकाच क्षणी बसत नाही. पण १९७४ मध्ये अमेरिकेत हाच प्रयोग निराळ्या रीतीने केला गेला. माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला सर्वांत पुढे उभे केले आणि मागे बाकीचे ओढत आहेत असे भासवले. प्रत्यक्षात ओढत कोणीच नव्हते. तरीही त्याचे बल कमी झाले. म्हणजे ताळमेळ बिघडण्याखेरीज ‘बाकीचे आहेत ना’ हाही भाग त्यात असतो. नंतरच्या प्रयोगांत असेही दिसले, की प्रत्येकाचा वाटा वेगळा ओळखू येणार असेल तर ही ढिलाई बरीच कमी होते.

म्हणून मी सुचवेन, की पाण्याच्या वॉल्व्हला कोणी, कधी आणि किती हात लावला हे नाव व वेळेसह नोंदवावे.

जुना फिटर

नाव घातले की वही मेली, प्राध्यापक महाशय. ज्या वहीवरून मेमो निघतो, त्या वहीत तिसऱ्या दिवसापासून सगळे काही आलबेल असते. आमच्या मिलवर अशी एक वही होती. तिच्यातील नोंदी वाचल्या तर त्या हंगामात कारखाना एकदाही थांबला नसावा असे वाटेल.

रात्रपाळी

काकांना दुजोरा. औषध देताना झालेल्या चुकांची नोंद ठेवण्यासाठी आमच्याकडे अर्ज आहे. ज्या प्रमुख परिचारिकेच्या काळात तो अर्ज भरल्यावर बोलणी बसायची, त्या काळात अर्ज जवळजवळ कोरे राहिले. त्यानंतर आलेल्या बाईंनी पहिल्या अर्जानंतर ‘हे औषध आणि ते औषध एकसारख्या बाटलीत आहे, कपाटात त्यांच्या जागा बदला’ एवढेच सांगितले. अर्ज वाढले. कागदावर पाहणाऱ्याला वाटेल की विभाग बिघडला.

ताकारीकर

आपण दोघांनी मला अडचणीत पकडले आहे आणि ते योग्यच आहे. एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेने रुग्णालयांतील गटांचा अभ्यास केला, जो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. चांगल्या गटांत औषधांच्या चुका कमी असतील, ही त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. ज्या गटांत माणसे मोकळेपणाने बोलत होती, तिथे चुकांच्या नोंदी अधिक होत्या, कारण तिथे त्या सांगितल्या जात होत्या. म्हणजे वाटा ओळखू यावा हेही खरे आणि ओळखू आल्यावर मान खाली घालावी लागू नये हेही खरे. मी पहिल्या प्रतिसादात केवळ पूर्वार्ध सांगितला. वहीत वेळ आणि कृती लिहावी, नाव नको. पाळी कोणाची होती हे ज्याला जाणून घ्यायचे आहे, त्याला टाइम ऑफिसमधून कळतेच.

सातारारोडकर

निवृत्त शिक्षक आहे, त्यामुळे थोडे लांबेल, सांभाळून घ्यावे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांची आठवण आपल्या भागात शिक्षणासाठी काढली जाते, पण संस्था मोठी होण्यापूर्वी ते किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करीत गावोगाव फिरले होते आणि पुढे साताऱ्यातील कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा हात होता, हे अनेकांना ठाऊक नसते. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत आणि वसतिगृहाची कामे स्वतः करीत. त्या काळी समतेवर व्याख्याने कमी होत नव्हती. परंतु व्याख्यान ऐकून घरी गेलेला मुलगा आणि दुसऱ्या जातीच्या मुलाने थापलेली भाकरी रोज खाणारा मुलगा यांच्यात जो फरक पडतो, तो कामातूनच पडतो. बरोबरीने काम करणे शिकवायचे असेल तर एक सामायिक काम द्यावे लागते, ज्यात एकाचे चुकले तर दोघे उपाशी राहतात.

दुसरी गोष्ट आमच्या गावाकडची. शेतीत मदतीच्या दोन रीती होत्या. इर्जिक म्हणजे एखाद्याचे शेत मागे पडले, की सारा गाव औते घेऊन जाई, मालक जेवण घाली आणि हिशेब कोणी ठेवत नसे. पैरा म्हणजे दोघा-तिघांनी बैल आणि माणसे एकत्र करून आळीपाळीने एकमेकांच्या रानात राबायचे, आणि त्यात दिवसाला दिवस मोजून परत करायचा. इर्जिकीचे गोडवे सगळे गातात. वर्षभराची शेती मात्र पैऱ्यावर चालत असे, आणि पैरेकरी बहुधा एकमेकांचे जिवलग नसत. नोकरीच्या ठिकाणी आपण मात्र इर्जिकीची अपेक्षा धरतो आणि ती पुरी झाली नाही की माणसे वाईट आहेत असे म्हणतो. ताईंना मिलवाल्याकडून उपकार नको आहे, फिरवलेल्या वॉल्व्हची खबर हवी आहे. त्या बदल्यात त्या काय परत करणार, हेही ठरले पाहिजे.

कुपवाडकर

गुरुजी, वसतिगृहातली मुले एका ताटात जेवत होती. इथे दोघांची वेतनवाढ वेगवेगळ्या साहेबांच्या सहीने होते. पण पैऱ्याची गोष्ट पटली. ताई, मिलवाल्याला तुमच्याकडून काय मिळेल?

कृष्णाकाठची

सर्वांचे आभार. उत्तरास उशीर झाला, कारण काय घडते ते पाहून लिहावे असे ठरवले होते. हंगाम आता संपत आला आहे.

कुपवाडकरदादांच्या प्रश्नापासून सुरू करते. मी मिल इनचार्जना विचारले, की लॅबकडून तुम्हाला काय मिळाले तर उपयोग होईल. बराच वेळ ते काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, ‘मॉइश्चर लवकर सांगा.’ बगॅस ओला निघतो आहे हे त्यांना कळते ते बॉयलरवाल्यांची ओरड सुरू झाल्यावर. मॉइश्चरचा आकडा माझ्याकडे आधी तयार असतो आणि तक्त्यात पडून राहतो. तेव्हा ठरले असे, की नमुना तपासून झाला की मी मॉइश्चर फोनवर कळवायचे आणि पाण्याला हात लावला की त्यांनी मला कळवायचे.

पहिल्याच आठवड्यात एक अडचण आली. फोन येऊ लागले, पण ‘पाणी कमी केलं’ म्हणजे किती कमी, हे सांगायला काही साधनच नव्हते. त्या लाइनवरील मीटर बंद आहे. माझ्यासाठी ‘कमी’ म्हणजे एक आणि त्यांच्यासाठी दुसरेच. मिलवरील एका फिटरने वॉल्व्हच्या चाकावर पांढऱ्या रंगाची खूण केली आणि शेजारच्या अँगलवर दुसरी. आता फोनवर ‘दोन आटे बंद’, ‘एक आटा उघडला’ असे सांगता येते. पूर्ण उघड्या वॉल्व्हचे आटे त्यानेच मोजून भिंतीवर लिहून ठेवले. मला हे सुचले नसते, कारण तो वॉल्व्ह मी तोवर लांबूनच पाहिला होता.

फिटरकाकांच्या सांगण्याप्रमाणे इनचार्ज लॅबमध्ये आले. नमुन्याचे दोन भाग करण्याआधीच त्यांनी विचारले, की नमुना घेणारा मुलगा बगॅस कुठून उचलतो. बगॅस वाहून नेणाऱ्या कॅरियरच्या ज्या बाजूला उभे राहायला जागा आहे तिथून तो उचलत असे, आणि ही पद्धत माझ्या येण्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे. ते म्हणाले, रोलर एका बाजूला जास्त झिजला असेल तर त्या बाजूचा चोथा ओला आणि दुसऱ्या बाजूचा सुका निघतो. पूर्ण रुंदीतून घ्या. तसा घेतला. आकडे थोडे बदलले, त्यांच्या बाजूने नव्हे आणि माझ्याही नव्हे, पण ‘नमुना चुकला’ हे वाक्य सकाळच्या बैठकीत नंतर आले नाही. शिवाय दोन बाजूंचे आकडे वेगळे काढून दिल्यावर त्यांनी हंगामानंतरच्या दुरुस्तीत तो रोलर घालण्याची मागणी लेखी केली आणि सोबत लॅबचा तक्ता जोडला.

आता जे जमले नाही ते. हे सर्व एकाच इनचार्जबरोबर झाले. दुसऱ्या पाळीचे इनचार्ज ऐकून घेतात, हसतात आणि फोन करत नाहीत. त्यांना मी मॉइश्चर कळवत राहते. वही नावांशिवाय सुरू केली, ती पहिल्या पाळीत भरली जाते आणि दुसऱ्या पाळीत कोरी राहते. कुपवाडकरदादा म्हणतात तसा गाळपाचा फलकही जागच्या जागी आहे, आणि ज्या दिवशी अंगणात गाड्यांची रांग लागते त्या दिवशी पहिल्या पाळीतले फोनही कमी होतात, हे मान्य केले पाहिजे.

एक विचारायचे राहिले. आमच्याकडे पाळ्या आठवड्याने बदलतात, पण लॅबची आणि मिलची बदलण्याची दिशा वेगळी आहे, त्यामुळे तेच इनचार्ज मला सलग मिळत नाहीत. ज्या माणसाबरोबर घडी बसली, तो पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच केमिस्टबरोबर असतो. हे बदलून मागणे योग्य होईल का, की दुसऱ्या पाळीला टाळण्याचा माझा प्रयत्न आहे असे दिसेल?

अबोल

दिसेल. तरीही मागावे.

रात्रपाळी

आमच्याकडे दोन्ही बाजूंनी अनुभव आहे. कायम त्याच जोडीत राहिल्यावर बोलणे इतके कमी होते की अर्धे गृहीतच धरले जाते, आणि नवी मुलगी आली की तिला काहीच कळत नाही. सुरुवातीचा हंगामभर जोडी एक ठेवावी आणि नंतर मोडावी, असे मी म्हणेन. मोडण्याआधी आटे मोजण्याची रीत लेखी असू द्या.

जुना फिटर

दिशा एक करून मागा, पण अर्ज एकट्या लॅबचा नको. पहिल्या पाळीच्या इनचार्जची सही त्यावर आपल्या सहीच्या वर घ्या. मिलने मागितले म्हटल्यावर लेबर ऑफिसर वेगळ्या नजरेने पाहतो. आणि अर्ज ऑफ सीझनमध्येच द्या. पाळ्यांचा तक्ता बॉयलर पेटायच्या आधी तयार होतो, दसरा उलटल्यावर त्याला कोणी हात लावू देत नाही. दुसऱ्या इनचार्जचे म्हणाल, तर ऑफ सीझनमध्ये मिल उघडून पडलेली असेल तेव्हा तो झिजलेला रोलर त्याला दाखवायला पहिल्यालाच पाठवा, आपण जाऊ नका. मीटर दुरुस्तीचा इंडेंटही (मागणीपत्र) त्याच वेळी टाका. पांढरा रंग एका हंगामाच्या पुढे टिकणार नाही.